झाकण उघडू नका

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत कुठल्याही गराज सेलला जा, दोन वस्तू हमखास मांडलेल्या असायच्या: व्यायामाची सायकल आणि ब्रेड मशीन. सायकलीला निदान वर्षभर कपडे अंगावर टांगून घेतल्याचं पुण्य तरी लाभलेलं असे. ब्रेड मशीन मात्र कोरं करकरीत. लग्नात नाहीतर नाताळात भेट म्हणून आलेलं, दोन-चारदा वापरून कपाटाच्या वरच्या फळीवर गेलेलं आणि आता घर बदलायच्या वेळी अंगणातल्या घडीच्या टेबलावर येऊन बसलेलं. दुकानात त्याला शंभर-दोनशे डॉलर पडायचे. इथे मास्किंग टेपच्या तुकड्यावर मार्करने दहा लिहिलेलं असे आणि सकाळचे अकरा वाजून गेले की पाचालाही देत. घासाघीस करायची आपली तयारी तिथे फुकट जायची, कारण आपण तोंड उघडायच्या आत समोरची बाईच किंमत उतरवायची.

आमच्या पिढीच्या मराठी घरांत ब्रेड मशीन शिरलं ते असं.

ही पिढी कोणती, तेही सांगायला हवं. 1990 च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आला, दशक सरताना वायटूकेची धांदल उडाली आणि पुण्या-मुंबईची, नागपूर-औरंगाबादची प्रोग्रॅमर मंडळी विमानं भरभरून न्यू जर्सी, मिशिगन, इलिनॉय, कॅलिफोर्नियात उतरली. त्यांच्यामागून एच-फोर व्हिसावर आम्ही. पदव्या होत्या, काहींनी तिकडच्या चांगल्या नोकऱ्या सोडल्या होत्या, पण इथे काम करायची परवानगी नव्हती. ती एच-फोरवाल्यांपैकी काही जणींना मिळू लागली थेट 2015 साली. तोवर आमची मुलं गाड्या चालवायला लागली होती. एका बेडरूमचं अपार्टमेंट, जमिनीवर गादी, भारतात फोन लावायचा तर मिनिटांचा हिशेब, आणि नवरा ऑफिसातून येईपर्यंतचा लांबच लांब दिवस. शनिवारी गावातल्या पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचून एका गाडीत दोन जोडपी बसायची आणि गराज सेलची फेरी व्हायची. टेबल, दिवा, बाळाचा पाळणा, सगळं तिथलंच. आज कुणी हे ऐकून नाक मुरडतं. मुरडू देत.

खरं तर पाव घरी करता येतो हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्या आयांनी कुकरमध्ये वाळू घालून केक केले होते, झाकणाला काच असलेल्या गोल अॅल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजली होती. पाव मात्र नाही. पाव यायचा बेकरीतून, सायकलवाल्याच्या पत्र्याच्या पेटीतून, मुंबईत इराण्याकडून, गोव्यात पोदेराच्या टोपलीतून. स्लाइस ब्रेड हा आजारपणातला पदार्थ; सरकारी कंपनीच्या मॉडर्न ब्रेडचा मेणकागदातला पुडा आणि सोबत दूध. पोळी घरात, पाव भट्टीत, अशी वाटणी ठरलेली होती आणि ती मोडावी असं कुणाला वाटलंही नव्हतं.

अमेरिकेतल्या दुकानात ब्रेडची रांगच्या रांग होती, पण त्यात आपला पाव नव्हता. बर्गरचा बन भाजीला टेकवला की त्याचा लगदा व्हायचा. डिनर रोल गोडसर. हवाईयन रोल तर चहाबरोबरच खावेत इतके गोड. पूर्वेकडच्या राज्यांत पोटॅटो रोल मिळायचे, त्यांवर आम्ही कित्येक वर्षं वडापाव निभावून नेला. एडिसनच्या ओक ट्री रोडवर देशी दुकानं होती, शिकागोला डेव्हन अॅव्हेन्यू होता, पण आयोवात किंवा टेनेसीत राहणारीने काय करायचं? पावभाजीला पाव हवा, एवढ्या एका हट्टापायी आमच्यातल्या बऱ्याच जणींनी ते दहा डॉलर मोजले.

घरी आणल्यावर कळायचं की मॅन्युअल नाही. गराज सेलच्या वस्तूंचं मॅन्युअल कधीच नसतं. बऱ्याचदा पातंही नसायचं. भांड्याच्या तळाशी एक छोटं पातं दांड्यावर बसवायचं असतं, तेच फिरून पीठ मळतं. पाव काढताना ते पावाच्या बुडाशी अडकून बाहेर येतं आणि पहिल्या मालकिणीने पावाबरोबर तेही कचऱ्यात टाकलेलं असतं. मग मशीनच्या पाठीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्यायचा, एक-आठशेने सुरू होणाऱ्या फुकट नंबरावर फोन लावायचा आणि अर्धा तास संगीत ऐकायचं. पात्याची किंमत मशीनपेक्षा जास्त निघायची. इंग्रजी बोलायचा धीर आमच्यातल्या कितीतरी जणींना या फोनांनी दिला, असं मला नेहमी वाटत आलं आहे. पलीकडच्या माणसाला आपण दिसत नाही, घाई नाही, आणि मागायची वस्तू अगदी साधी: एक पातं.

मॅन्युअल आलं की त्याच्या झेरॉक्स निघायच्या, नवऱ्याच्या ऑफिसात, संध्याकाळी सगळे गेल्यावर. एकीचं मशीन हिताचीचं, दुसरीचं वेलबिल्टचं, तिसरीचं पॅनासॉनिकचं. पण मॅन्युअल एकच, आणि ते सगळ्यांना लागू पडेल अशा श्रद्धेने वाचलेलं. ते लागू पडायचं नाही. काही मशिनं चालू केल्यावर पहिला अर्धा तास ढिम्म हलत नाहीत, कारण ती आतले सगळे जिन्नस एका तापमानाला आणत असतात. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्या बटणं दाबत बसायच्या, प्लग काढून पुन्हा लावायच्या. मग मशीन पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास गप्प.

आणि ते टीटी वाजणं! मळणी चालू असताना मशीन मध्येच केकाटायचं. झालं की काय? बिघडलं? आत काही अडकलं? आमच्या इमारतीत या आवाजाबद्दल बरेच तर्क चालले होते. मनुका नाहीतर अक्रोड घालायचे असतील तर आत्ता घाला, एवढंच ते सांगत होतं. हे कळल्यावर आमच्या सगळ्या घरांतल्या पावांत काही महिने मनुका होत्या. सांगितलंय तर घालायलाच हव्यात.

मापं हा आणखी एक गुंता. आम्ही ग्रॅम आणि लिटरमध्ये शिकलेलो, स्वयंपाकात वाटी आणि चिमूट वापरणारे. इथे कप, औंस, पौंड, फॅरनहाइट. दीड पौंडाच्या पावाला तीन कप मैदा, एक कपाहून थोडं जास्त पाणी, दीड चमचा मीठ, थोडी साखर, थोडं लोणी आणि दोन चमचे यीस्ट. यीस्टच्या पुडीत पाव औंस म्हणजे सात ग्रॅम, चमच्याने सव्वादोन. आधी पाणी, त्यावर पीठ, कोपऱ्यात मीठ, आणि पिठाच्या डोंगरात खळगा करून त्यात सगळ्यात शेवटी कोरडं यीस्ट. मीठ आणि पाणी यांच्याशी त्याची गाठ मळणी सुरू होईपर्यंत पडता कामा नये. हा क्रम मराठी घरांत फार लवकर पाठ झाला. सोवळं-ओवळं पाळलेल्या घरांतून आलेल्या आम्हाला कशाला काय शिवू द्यायचं नाही हे नव्याने शिकवावं लागलं नाही.

मापं मात्र कितीही काटेकोर घेतली तरी पाव रोज वेगळा. एक दिवस टोपी घालून वर आलेला, दुसऱ्या दिवशी मध्ये खचलेला, तिसऱ्या दिवशी विटेसारखा. मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत छापलेलं असे: मशीन चालू असताना झाकण उघडू नका. आणि आम्ही ते शिस्तीने पाळत होतो. काचेच्या चौकोनातून, बॅटरी लावून, आत काय चाललंय ते बघत होतो, आणि हात मात्र मागे बांधलेले. आमच्यातल्या निम्म्या जणी इंजिनियरच्या बायका आणि उरलेल्या स्वतः इंजिनियर. छापील सूचना मोडायची नाही, हे अंगात भिनलेलं.

झाकण उघडलं ते सासवांनी. आमच्या घरी तसं झालं आणि नंतर चौकशी केली तर इतरही अनेक घरांत तसंच झालेलं. बाळंतपणाला सहा महिने आलेल्या आमच्या सासूबाई ओट्याशी उभ्या राहून मशीनचा घुरघुराट ऐकत होत्या.

"आत काय चाललंय गं?"

"कणीक मळतंय, आई. पावाची."

"आणि तू बघत नाहीस?"

"झाकण उघडायचं नसतं."

त्यांनी उघडलं. पीठ भांड्याच्या कडांना चिकटून फिरत होतं. त्यांनी तर्जनी टेकवली, बोटाला आलेलं पीठ अंगठ्याने चोळलं आणि म्हणाल्या, "सैल झालंय. मूठभर पीठ दे." थोडं थोडं भुरभुरवलं तसा त्याचा गोळा झाला, कडा सोडून एका जागी गरगर फिरू लागला. पुन्हा बोट लावलं. "कानाच्या पाळीइतकं मऊ हवं. आता ठीक आहे." यीस्ट या वस्तूचं नाव त्यांनी दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं.

नंतर कळलं की जाणकार अमेरिकन बायकाही हेच करत. मळणीच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत झाकण उघडलं तर काही बिघडत नाही, उलट तेवढ्यातच दुरुस्ती होऊ शकते. उघडायचं नसतं ते फुगताना आणि भाजताना. पिठाला पाणी किती लागेल हे कुठलंच पुस्तक नेमकं सांगू शकत नाही, कारण पीठ हवेतली ओल पितं. मिशिगनच्या थंडीत घरात हीटर चालू असतो, हवा कोरडी ठणठणीत, तिथे पाण्याचा हात सैल ठेवावा लागतो. न्यू जर्सीच्या ऑगस्टमध्ये तेच पाणी जास्त होतं. रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईला हे वेगळं शिकावं लागत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात आणि पुण्याच्या उन्हाळ्यात कणकेला सारखं पाणी कुणी घालत नाही. आमचं मॅन्युअल आमच्याजवळ होतं. एका छापील ओळीच्या धाकाने ते आम्ही मिटून ठेवलं होतं.

गंमत म्हणजे ते मशीन जन्मालाच मुळी कुणाच्या तरी हातांमुळे आलं होतं. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन एमबीए करायची तेव्हा आमच्या नवऱ्यांत साथ आली होती, त्यांच्या वाचनात इकुजिरो नोनाका या जपानी प्राध्यापकाचा 1991 चा लेख असायचा. त्यात ही हकिगत आहे. 1985 च्या सुमारास ओसाकाची मात्सुशिता कंपनी, म्हणजे पॅनासॉनिकवाले, घरगुती ब्रेड मशीन बनवायच्या खटपटीत होते. पाव बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. मशीनने मळलेल्या आणि पाववाल्याने मळलेल्या पिठाचे त्यांनी एक्सरे काढून ताडून पाहिले, तरी उलगडा होईना. तेव्हा इकुको तानाका नावाची सॉफ्टवेअर करणारी मुलगी उठली आणि शहरात ज्याचा पाव नावाजलेला, त्या ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेली. तो पीठ मळताना एका विशिष्ट तऱ्हेने ताणतो, हे तिने पाहिलं. इंजिनियरांबरोबर वर्षभर धडपड केल्यावर भांड्याच्या आत खास उंचवटे बसवले गेले आणि त्या पाववाल्याच्या हाताची ओढ यंत्रात उतरली. मॅनेजमेंटवाले या गोष्टीतून ज्ञानाचे कसलेसे सिद्धान्त काढतात. मला ती वाचताना एकच वाटलं: बाई सॉफ्टवेअरवाली, पण गेली परातीपाशी.

कणकेचा प्रश्न निराळा. मैद्याचा पाव जमल्यावर आपल्या गव्हाच्या पिठाचा करावा असं प्रत्येकीला वाटलंच, मुलांच्या आणि नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलच्या काळजीने. देशी दुकानातली वीस पौंडांची गोल्डन टेंपल नाहीतर सुजाताची पिशवी घरात होतीच. पाव मात्र उठेना. चक्कीच्या दळणात गव्हाच्या स्टार्चचे कण फुटतात, त्यामुळे असं पीठ पाणी फार पितं. पोळीला ते वरदान आहे, म्हणून तर ती मऊ राहते. आणि कोंडा ग्लूटेनचे धागे कापत जातो, मग हवा धरून ठेवणार कोण? पावाला ताठ धागे हवेत, अमेरिकन ब्रेड फ्लावरमध्ये साडेबारा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात ती त्यासाठीच. निम्मं हे, निम्मं ते, वर चमचाभर सुटं ग्लूटेन आणि पाण्याचा सढळ हात, इथे येऊन बहुतेक घरं थांबली. पूर्ण कणकेचा पाव उत्तम होतो असं सांगणारी एक तरी बाई प्रत्येक गावात असे. तिच्याकडे तो खायचा योग आला की चहा भरपूर लागायचा.

मुलांना त्या पावाचं कौतुक नव्हतं. तेव्हाच्या बऱ्याच मशिनांचा पाव उभा निघायचा, त्याची स्लाइस डब्यात मावायची नाही, आणि बुडाकडच्या स्लाइसला पात्याचं भोक. शाळेत बाकीच्यांच्या डब्यांत एकसारखे पांढरे चौकोन आणि आमच्या पोराच्या डब्यात भोकवाला पाव आणि त्यात चटणी. ते बिचारे झाकणाआड खायचे. आता तीच मुलं आर्टिझन ब्रेड म्हणून वेडावाकडा पाव दहा डॉलरला विकत घेतात, पण तो विषय नको.

खरं सांगायचं तर मशीनमध्येच भाजलेला पाव कधीच फारसा चांगला नव्हता. कड जाड, वरचा भाग फिकट. मशीनचं खरं मोल होतं नुसतं मळून-फुगवून देणाऱ्या बटणात. दीड तासात तयार पीठ हातात, मग आपण गोळे करायचे, तेरा बाय नऊच्या ट्रेमध्ये एकमेकांना खेटून मांडायचे, पुन्हा फुगू द्यायचे, वरून दुधाचा हात आणि ओव्हनमध्ये तीनशे पंचाहत्तर डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर लोणी फिरवून ओलसर फडका झाकायचा, म्हणजे पापुद्रा मऊ राहतो. लादी सुटी करताना दोन पावांमधून जे मऊ धागे ताणले जातात ते पहिल्यांदा दिसले त्या दिवशी आमच्या मजल्यावरची सगळी दारं वाजवली गेली. गणपतीला मंडळाने शाळेचं सभागृह भाड्याने घेतलेलं असायचं. वड्यांचं सारण एकीकडे, चटणी दुसरीकडे आणि पाव सात-आठ घरांत वाटून. आदल्या रात्री अपार्टमेंटच्या एकाच इमारतीत इतकी मशिनं घुरघुरत होती की खालच्या मजल्यावरचे गोरे आजोबा वर येऊन विचारून गेले. मळताना ही मशिनं ओट्यावरून चालतातही. हळूहळू कडेकडे सरकतात, लक्ष नसेल तर खाली. म्हणून रात्रभर कुणी ना कुणी जागं. आजोबांना दुसऱ्या दिवशी वडापाव पाठवला, तिखट चटणी न लावता.

फोडणीच्या वासाने स्मोक अलार्म वाजायचे, शेजारी दारं लावून घ्यायचे, घर दाखवायला एजंट यायचा त्या दिवशी कांदा परतायची चोरी. पावाचा वास मात्र पूर्ण कॉरिडॉरमध्ये पसरला तरी कुणी काही म्हणायचं नाही, उलट लिफ्टमध्ये हसून बोलायचे. आम्ही ते मनात नोंदवून ठेवलं होतं.

मशीनचे उपयोग मग वाढतच गेले. गूळपोळीची कणीक त्यात, भटुऱ्याचं पीठ त्यात. जॅमच्या बटणावर कुणी गाजर हलवा आटवला. ढवळायला माणूस नको, हे त्यातलं सुख. भांड्याच्या तळाचं सील गळू लागलं, पट्टा घसरू लागला की शनिवारी नवरे मंडळी जमायची आणि बैठकीच्या मधोमध मशीन उघडं पडायचं. दिवसभर बँकांची सॉफ्टवेअरं लिहिणाऱ्या त्या मंडळींच्या हाती खराखुरा स्क्रू क्वचितच यायचा, त्यामुळे उत्साह दांडगा. एकदोघींनी भारतात परतताना मशीन सोबत नेलं. तिथली वीज दोनशे तीस व्होल्टची, मशीन एकशे वीसचं. त्याला जोडायचा ट्रान्सफॉर्मर मशीनइतकाच जड निघाला, आणि पाव चढत असताना लाइट गेले की जुनी मशिनं आपण कुठवर आलो होतो तेच विसरायची. कोपऱ्यावरच्या बेकरीत ताजी लादी मिळत असताना ही कसरत कोण करणार?

इथेही हळूहळू ते मागे पडलं. ग्रीन कार्डं आली, नोकऱ्या आल्या, देशी दुकानांत फ्रीझरमध्ये लादी पाव मिळू लागला. 2006 च्या नोव्हेंबरमध्ये न्यू यॉर्क टाइम्सने न मळता करायच्या पावाची जिम लाहीची कृती छापली आणि मशीन नसलं तरी चालतं हे सगळ्यांना कळलं. मग इन्स्टंट पॉट आला आणि ओट्यावरची उरलीसुरली जागाही गेली. आमची मशिनं ज्या वाटेने आली त्याच वाटेने गेली. आमच्याच गराजबाहेर, मास्किंग टेप लावून. काही राहिली, टाकवेनात म्हणून, तळघरात.

2020 च्या एप्रिलमध्ये ती वर आली. दुकानांतून मैदा गायब, यीस्ट तर औषधालाही नाही. आमच्यातल्या एकीने आदल्या वर्षी घाऊक दुकानातून एक पौंडाची विटेसारखी घट्ट पुडी आणून फ्रीझरमध्ये टाकली होती. तिने ती फोडली, लोणच्याच्या रिकाम्या छोट्या बरण्यांत भरली, प्रत्येकीवर नाव घातलं आणि नवऱ्याने गाडी काढून त्या दारोदार पायरीवर ठेवल्या. लांबूनच हात, काचेतूनच बोलणं. दुपारपर्यंत फोन सुरू झाले. मशीन चालू होईल का, पातं कुठे गेलं, आधी पाणी की पीठ, आणि ह्या टीटीचा अर्थ काय होता गं? आठवड्याभरात तिच्या पायरीवर बरण्या परत येऊ लागल्या. एकीत भाजणी होती, एकीत लसणाची चटणी, आणि एकीत काळ्या मनुका. सोबत चिठ्ठी: टीटी वाजलं की घालणे.